धुराचा हार

परभणीहून मानवतकडे निघालं की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. दिवाळी जवळ आली की दरवर्षी लागतो. कापसानं फुगलेले टेम्पो जातात आणि बाभळी काट्यांनी त्यांच्याकडून थोडा थोडा काढून घेतात, नाक्यावर जकात घ्यायला बसल्यासारख्या. एसटीच्या खिडकीतून ते पांढरे पुंजके बघत मी यंदाही गावाकडे निघाले होते आणि फोनमध्ये मायचा निरोप होता, "मुक्ते, आज चांदी काढायलेय. लवकर ये." चांदी काढणं म्हणजे पेटीतली भांडी-दागिने बाहेर काढून दिवाळीआधी घासून उजळणं. साधं घरकाम आहे. पण निरोप ऐकला आणि मला एसटीतून उतरून परत फिरावंसं वाटलं.

उकळलेल्या रिठ्याच्या वासानंही हल्ली माझं असंच होतं. पुण्यात शेजारणीनं एकदा केस धुवायला रिठे उकळले, तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. काय सांगणार? वासाला भिते म्हणून सांगितलं तर माणसं हसतात. पण धक्का बसला त्या घडीला जो वास नाकात असतो तो मग आयुष्यभर त्या धक्क्याची बाजू घेतो.

मी पुण्यात एका कॉलेजात दागिन्यांचं डिझाइन शिकवते. सोनाराची नाही, शेतकऱ्याची लेक आहे. आमच्याकडे चांदी असते ती पेटीत आणि सोनं असतं ते लग्नाच्या फोटोत. शिकण्याच्या नादात काही महिने फिनलंडला जाऊन राहिले. दागिना म्हणजे काय हे आपल्याला कळतं, अशा समजात मी गेले होते. तो समज तुइयाच्या कामाच्या खोलीत पहिल्याच दिवशी मोडला. तुइया ही तिथली दागिने घडवणारी बाई. वयानं मायच्या जोडीची, उंच, पांढरे केस पोरासारखे कापलेले. तिच्या भिंतीवर बर्च झाडाच्या सालीचा गळेसर होता. माशाच्या कातड्याची कर्णफुलं होती. गंजक्या खिळ्यांची बांगडी होती, आणि तिच्या शेजारी काळ्या कडक भाकरीचं, हो, खायच्या भाकरीचं, लाखेत बुडवून घट्ट केलेलं कडं टांगलेलं होतं. मी दारातच थिजले.

"हे कोण घालणार?" मी विचारलं.

"सगळे हेच विचारतात," तुइया म्हणाली. "आणि मग हळूच आरशाकडे बघतात."

मीही बघितलं होतं. माझ्या गळ्यात मायनं दिलेली बारीक साखळी होती. तिथं कुणाला ती 'घातलेली' दिसलीही नसती, इतकी ती माझ्या अंगाचीच झाली होती. दागिना दिसेनासा होईपर्यंत आपण तो घालतो, आणि ही बाई तो पुन्हा दिसावा म्हणून त्याला भाकरीचा करते, हे तेव्हा हळूहळू डोक्यात शिरायला लागलं. पूर्ण शिरलं असं अजूनही म्हणवत नाही.

तुइया आणि तिच्यासारखे काहीजण मिळून तिकडचे हे नवे दागिने देशोदेशी दाखवायला नेत असत. एकदा जेवताना ती वैतागून म्हणाली, "परदेशात आमचं काम बघायला येतात ते सगळे आमच्यासारखेच दागिने घडवणारे. हात पाठीमागे बांधतात, मान तिरकी करतात आणि छान छान म्हणतात. मला जिथे बायका उठल्यापासून निजेपर्यंत दागिने घालतात तिथे हे न्यायचंय." मी थट्टेनं म्हटलं, मग आमच्या मानवतला चला. तिनं मानवत कुठे आहे ते नकाशावर शोधलं. पुढच्या कापसाच्या हंगामात ती सामानाच्या पेट्या घेऊन परभणी स्टेशनवर उतरली. थट्टेतलं वाक्य इतक्या लांबून सामानासकट येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि त्या सामानात तो हार होता.

तो तिचा स्वतःचा. चांदीची पानं, एकात एक अडकवलेली, आणि सगळी काजळीसारखी काळी. त्याच्या काळेपणाची गोष्ट तिनं मला तिकडेच सांगितली होती. त्यांच्याकडे वाफेची न्हाणी असते, तिला ते सौना म्हणतात. जुन्या काळच्या सौनाला धुराडं नसायचं. दिवसभर आत लाकडं जाळायची, धूर भिंतींत मुरू द्यायचा, मग निखारे शांत झाले की दार उघडून धूर घालवायचा आणि त्या काळ्या, उबदार अंधारात जाऊन बसायचं. तिच्या आजीच्या घरी तशी न्हाणी होती. आजी तिथेच बाळंत झाली, तुइयाची आई तिथे जन्मली. घरातलं माणूस गेलं की त्याला शेवटची अंघोळही तिथेच. तुइयाच्या आईलाही तिथेच घातली होती. नंतरचा सगळा हिवाळा तुइयानं हा हार त्या न्हाणीच्या तुळईला टांगून ठेवला, धूर पीत. पुढे एकदा लाकडाच्या ठिणगीनं ती न्हाणी जळून गेली. हार तेवढा कामाच्या खोलीत होता म्हणून राहिला.

त्यातली गंमत अशी की ती काजळी पक्की केलेली नव्हती. हार जो कुणी घालेल त्याच्या गळ्याला थोडं काळं लागायचं. तुइयाला ते तसंच हवं होतं. "आईचा धूर असा एकेका गळ्यावरून जाईल," ती म्हणायची. "मी म्हातारी होईपर्यंत पुरेल." तिनं स्वतः मात्र तो कधी घातला नव्हता.

आमच्या गावाजवळच, मानवतला, मंगल कार्यालय सहज मिळालं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं नसतात, हॉल मोकळाच असतो. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या बाजूला सारून आम्ही खिळ्यांवर दागिने टांगले, मराठीत चिठ्ठ्या लावल्या. बायकांनी यावं म्हणून मी घरोघरी जाऊन 'परदेशातले दागिने' असं सांगून आले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी आल्या त्या इस्त्रीच्या साड्या नेसून, हिरेमाणकं बघायला. आल्या आणि दारातच थबकल्या.

आमच्या शेजारच्या शांतामामी सगळ्यांत पुढे होत्या. त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली, मग माझ्यावर फिरवली. "हे दागिने व्हय गं मुक्ते? हे तर आमच्या गोठ्यात बी लटकायलंय."

"मामी, नीट बघा तरी."

"बघायलेय की. खिळ्याला खिळे टांगलेत." मग त्यांची नजर तुइयाच्या गळ्याकडे गेली. कानाकडे, हाताकडे गेली. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "अन् ही बाई दागिने दाखवायला आलीय, तर हिच्या अंगावर एक मणी न्हाई कामून?"

तिकडे इतके महिने राहूनही मला हा प्रश्नच पडला नव्हता, याचाच मला मोठा धक्का बसला.

तुइया माझ्या कानात म्हणाली, हात मागे का बांधत नाहीत या? तेवढ्यात बायका भिंतीला भिडल्या होत्या. आमच्याकडे दागिना डोळ्यांनी बघत नाहीत. तळहातावर घेऊन झेलतात, वजन अजमावतात, आणि मग गळ्यात घालून शेजारणीला म्हणतात, बग कसा दिसायलाय. बघता बघता खिळे रिकामे झाले. बर्चची साल एका नव्या सुनेच्या गळ्यात होती. माशाच्या कातड्याची फुलं कुणाच्या तरी कानात बुगडीशेजारी होती. माझे डोळे पांढरे झाले, मी धावले. तुइयानं माझं मनगट धरलं. जन्मभर ज्यासाठी घडवलं ते पहिल्यांदा घडताना बघावं, तशी ती उभी होती.

फक्त भाकरीच्या कड्याला कुणी हात लावला नाही. "अन्न हाय ते," शांतामामी म्हणाल्या. "अन्न पोटात घालावं. हातात घालून कुठं कुठं जाणार हाव आपण, भाकरीला इटाळ व्हईल." मी हे तुइयाला इंग्रजीत सांगितलं. तिनं ते उतरवून पेटीत ठेवलं आणि नंतर पुन्हा लावलं नाही.

काळा हार शांतामामींनीच घातला. काढला तेव्हा गळ्याभोवती काजळीची रेघ उमटली होती. पदरानं पुसता पुसता त्यांनी विचारलं, हे काय लागलं. मी सांगितलं, हिच्या आईच्या न्हाणीतला धूर आहे. त्या पुसायच्या थांबल्या. "बरं हाय," म्हणाल्या, "म्हातारपणी तीट लागली म्हणायची." आणि ती रेघ तशीच ठेवून घरी गेल्या.

माय त्या दिवशी आली नव्हती. वेचणी चालू होती, बाया ठरलेल्या होत्या, आणि कापूस कुणाच्या प्रदर्शनासाठी बोंडात थांबत नाही. पहाटेचं दव उतरलं की पोटाशी फडकं बांधून ती पऱ्हाटीत शिरायची ती दिवस कलल्यावरच बाहेर यायची. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. हंगाम भरात आला की मायच्या बोटांना बारीक बारीक चिरा पडतात, तेल लावलं तरी भरत नाहीत. त्या बोटांनी ती आमच्या पाहुणीला गरम भाकरी वाढत होती आणि तिच्या मोकळ्या गळ्याकडे बघून हळहळत होती. "कुणीच न्हाई का गं हिला? मालकानं काही केलं न्हाई का?" मी म्हटलं, तिकडे तसं नसतं माय. "तसं कसं नसतं," माय म्हणाली. "एक हार हाय म्हणं तिच्यापाशी, तो बी घालत न्हाई."

इथेच मी पुढचं ओळखायला हवं होतं असं कुणी म्हणेल. कसं ओळखणार? आपली आई काय करेल हे आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

तुइयाचा मुक्काम आमच्या गावच्या घरी होता आणि तो हार ती रात्री हॉलवर न ठेवता सोबत आणत असे. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच दिवे नीट करायला मानवतला गेलो आणि हाराचा डबा माजघरातल्या कोनाड्यात राहिला. कळलं तेव्हा जीपनं परत आलो. ती चांदी काढायची सकाळ होती, त्यासाठी माय वेचणीला न जाता घरी थांबली होती. अंगणात चुलवणावर पातेलं, पातेल्यात रिठे, सगळीकडे तो वास. जुन्या चादरीवर उन्हात आमची चांदी मांडली होती. माझे लहानपणीचे वाळे, कुंकवाचा करंडा, निरांजन, मायच्या आईचे जाडजूड तोडे. आणि सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, पानापानांचा एक लखलखीत पांढरा हार.

मला तो ओळखूच आला नाही. खरंच नाही आला. मनात आलं, मायनं हा कधी केला?

"बग कसा निघालाय," माय म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. हातात जुना दात घासायचा ब्रश, शेजारी पांढऱ्या दंतमंजनाची पुडी. "लय काळा पडला व्हता. म्हणूनच घालत नसंल बिचारी. पाहुण्याची वस्तू आपल्या घरून काळी जाऊ नये, त्यात सणाचं. घासून घासून माजे हात भरून आले, पर डाग म्हणून ठिवला न्हाई."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं आहे, जमीन जागच्या जागी राहते आणि आपल्यालाच तिच्यावर उभं राहता येत नाही. मी तुइयाकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. मागून तिच्या चपलांचा आवाज आला, मग थांबला. कुठेतरी कोंबडा आरवत होता, कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला, सगळं जग आपलं नेहमीसारखं चाललं होतं, आणि याचाच मला त्या क्षणी भयंकर राग आला.

तुइयानं एकच प्रश्न विचारला. "पाणी कुठे टाकलं?"

मी मायला विचारलं. कढीपत्त्याच्या बुडाशी, माय म्हणाली, रिठ्याचं पाणी झाडाला चांगलं असतं. तुइया तिथे गेली. गुडघ्यावर बसली आणि ओल्या मातीत बोटं घातली. आमच्याकडची माती मुळातच काळी. तिच्यात काय शोधणार ती?

आता मायच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. "काय झालं गं? मोडला का? मी एक पान बी वाकू दिलं न्हाई."

मग मला सांगावं लागलं. भाषांतर करणं हे माझं काम, दोन दिवस तेच करत होते. पण हे वाक्य मराठीत आणताना मला वाटलं, एवढं नसतं सांगितलं तर चाललं असतं. काहीही खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती. तेवढ्यात तुइया तिथे मातीत बसलेली दिसत होती. म्हणून सगळं सांगितलं. बाळंतिणीची न्हाणी, आईची शेवटची अंघोळ, हिवाळाभराचा धूर, आग.

माय म्हणाली, "तिच्या मायचा धूर व्हता तो?"

"हो."

"अन् म्या धुतला."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, चोरी सापडल्यासारखे. चूक झाली, माफ कर, असलं काही ती म्हणाली नाही. आमच्याकडे आईच्या वयाच्या बाया तसं म्हणत नाहीत, त्यांना ते शब्द कुणी शिकवलेलेच नसतात. मला मायची इतकी दया आली आणि तिचा इतका संताप आला की दोन्हींपैकी काय आधी करावं हे कळेना.

तुइया उठून आली. तिनं मायचे हात पदराखालून ओढून काढले. मला वाटलं, आता काहीतरी वाईट होणार. तिनं ते उलटे केले, उन्हात धरले आणि बघत राहिली. मायच्या बोटांच्या चिरांत काजळी भरली होती. नखांच्या कडांना, तळहाताच्या रेघांत, बोंडानं ओरखडलेल्या प्रत्येक बारीक फटीत ती काळी रेष होती. रिठ्यानं चांदीवरची काजळी काढली, पण मायच्या हातांवरची त्याला काढता आली नव्हती. तुइयानं आपला अंगठा त्या रेषांवरून फिरवला. मग ती आपल्या भाषेत काहीतरी बोलली, मला न समजणाऱ्या. मी अर्थ विचारला नाही, तिनंही सांगितला नाही.

त्या दिवशी ती रागावली नाही असं लिहायचा मला मोह होतो. पण ते खोटं होईल. मानवतला परत जाताना जीपमध्ये तिनं सगळा वेळ तोंड खिडकीकडे ठेवलं. हॉलवर तिनं तो पांढरा हार टांगला, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला अजून रडू येत नाही. म्हणजे मला ते अजून कळलेलंच नाही." त्यानंतर शांतामामी आल्या, त्यांनी हार बघितला, मग माझं तोंड बघितलं आणि आपल्या गळ्याला हात लावला. काजळीची ती रेघ त्यांनी आदल्या रात्री धुतली होती.

मायनं पुढचे दिवस हाताला साबण लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या पाण्यानं हात खळबळायची आणि भाकरी थापायला मला बसवायची. तुइया निघायच्या आदल्या दिवशी तिच्यासोबत पऱ्हाटीत गेली, पोटाशी फडकं बांधून. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. दुपारपर्यंत तुइयाच्याही बोटांना बोंडाची टोकं लागली होती. मायनं वेचलेल्या कापसाला कुठे कुठे करडा हात उमटला होता आणि ती काळजीनं मला म्हणाली, "घेतील का गं असा कापूस?" मी म्हटलं, घेतील. घेतलाही. तो कापूस सगळ्या कापसात मिसळून गेला, त्याचं सूत झालं असेल, कुणाच्या तरी अंगावर गेला असेल. मी पुण्यात रस्त्यानं चालताना कधी कधी माणसांच्या शर्टांकडे बघते, उगाच.

हार आता देशोदेशी जातो, पांढराच. तुइयानं तो पुन्हा धुरात धरला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, कुठल्याही धुरानं चालत नाही. ज्या नव्या गावी प्रदर्शन लागतं तिथे ती काय झालं ते सांगते. "लोक हादरतात," ती फोनवर म्हणाली होती. "कुणी म्हणतं, किती अडाणीपणा. मग मला दर वेळी तुझ्या आईची बाजू घ्यावी लागते. घेता घेता मलाच ती पटायला लागलीय." आणि फोन ठेवता ठेवता, "पूर्ण नाही. थोडी."

या 'थोडी'नं मला बरं वाटलं. पूर्ण माफ केलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मायनं मात्र हा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या दिवाळ्यांना मी गावी यायचे ती नेमकी चांदी काढून झाल्यावर, मुद्दाम. यंदा तिनं आधीच बोलावलं, म्हणून एसटीत ते परत फिरावंसं वाटणं.

अंगणात पाय ठेवला तर वास तोच. चुलवण, पातेलं, रिठे. चादर उन्हात अंथरलेली. वाळे चकचकत होते, करंडा, निरांजन, पूजेची वाटी, सगळं तिच्या हातचं, डाग म्हणून नाही. मी उगाच मधली जागा बघितली. तिथे काही नव्हतं.

माय चादरीच्या कडेला बसली होती. मांडीवर तोडे होते. तिच्या आईचे, जाड, पिळाचे, माझी आजी मरेपर्यंत पायात घालत होती ते. पेटीत वर्षभर राहून काळवंडलेले. माय ब्रश हातात घेऊन त्यांच्याकडे नुसती बघत होती.

"घासायचे राहिले का?" मी विचारलं. "दे, मी घासते."

तिनं ते पटकन पदरात घेतले. अगदी तसेच, त्या दिवशी हात घेतले होते तसे.

"नगं. राहू दे." मग पदरातले तोडे चाचपत, "माजी माय जिंदगीभर रानात फिरली हे घालून. गाळ तुडवला, कापूस येचला. ती गेली तवा तिच्या पायातून काढले, तर पिळापिळात माती भरलेली व्हती. काळी भोर."

मी तिच्याजवळ बसले. रिठ्याच्या पाण्यात काडी फिरवत राहिले.

"पहिल्याच दिवाळीला म्या ते घासून लख्ख केले," माय म्हणाली. "अन् मंग दरसाल. दरसाल घासायलेय मी, मुक्ते. त्या पाहुणीचं तर एकदाच धुतलं गेलं."

तिनं तोडे पदरातून काढले, एक उचलून डोळ्यांजवळ धरला आणि पिळाच्या खाचा एकेक करून बघायला लागली. "ब्रश जिथं जात न्हाई तिथं उरली असंल का गं माती थोडी?" तिनं विचारलं. "तुजी नजर चांगली हाय. बग की."

मी तोडा घेतला आणि उन्हाकडे धरला.